पायडलवरची पावलं

...आणि वर म्हणे, चाला.

तुम्हीच सांगा, ज्या माणसाच्या पोटात पाच लिटर पाणी भरलंय, डोळे पिवळे झालेत, हातापायांच्या काड्या झाल्यात, ज्याला मोजा चढवायला बायको लागते, त्याला समोर उभं करून एक पंचविशीतली पोरगी गोड हसून सांगते, "काका, रोज चालायचं बरं का." अहो बाई, चालता येत असतं तर मी तुझ्याकडे कशाला आलो असतो? तुझ्या दारावरून सरळ पुढे नसतो का गेलो?

तर मी शिंपी. मास्तर म्हणतात मला सगळे, शाळेतला नव्हे, टेप गळ्यात टाकणारा. चाळीस वर्षं मशीनवर बसलो, लोकांच्या कमरा मोजल्या आणि स्वतःची मोजायची राहिली. बसून बसून चरबी वाढली, चरबीमागून साखर आली, आणि दोघींनी मिळून माझं लिव्हर खाल्लं. आता ते बदलायचं. गेलेल्या माणसाचं काढून माझ्यात शिवायचं. त्याला यादी असते. यादीत माझं नाव आहे, रक्तगटासकट.

आता लिव्हर म्हटलं की लोक काय विचारतात ते तुम्हाला माहीतच आहे. शेजारचे काका आले, खुर्ची ओढली, आवाज खाली घेतला, "मास्तर, किती घ्यायचात हो?" आयुष्यात थेंब घेतला नाही मी. पण माणूस एवढा आशेनं विचारतोय, त्याला निराश कशाला करायचं? म्हटलं, "रोज एक बादली. सणावाराला दोन." गेले बिचारे खूश होऊन, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत बादली फिरली. हा माझा स्वभावच आहे, काय करणार. स्वतःच्या जावयाच्या लग्नातल्या पँटीचे खिसे मी आतून शिवून टाकले होते. तीन तास तो हात घालायला जागा शोधत होता. अजून माझ्याकडे कपडे टाकत नाही.

तर ती यादी. तिचं गणित ऐका. रक्त तपासतात, त्यातून एक आकडा काढतात. आकडा जेवढा मोठा, तेवढा माणूस जास्त आजारी, आणि जेवढा जास्त आजारी तेवढा यादीत वर. ठीक आहे, न्याय आहे, माझी तक्रार नाही. पण ऑपरेशन दहा तासांचं. ते सोसायचं तर अंगात ताकद पाहिजे, मांड्यांत मांस पाहिजे, छातीत दम पाहिजे. म्हणजे माणूस मरायला टेकलेला पण पाहिजे आणि धडधाकट पण पाहिजे. असा माणूस कुठे मिळतो? मी मोठ्या डॉक्टरांना विचारलं, "साहेब, दोघांनी मिळून एक अर्ज केला तर चालेल का? मी आजारीपणाचं बघतो, ताकदीसाठी दुसरा कुणी बघा." मोठे डॉक्टर हसत नाहीत. म्हणाले, "हात पुढे करा. गाडी थांबवतो तसे." आजार डोक्यात चढला की हात फडफडतात, ते बघायचं असतं त्यांना. मी केले पुढे. फडफडले थोडे. म्हटलं, "साहेब, दोन गाड्या निघून गेल्या." तरी हसले नाहीत. लिहून घेतलं.

आणि वर म्हणे, चाला.

ती पोरगी, व्यायाम करून घेणारी, तिला मी हवालदारीण म्हणतो. तोंडावर म्हणतो, तिलाही आवडतं. तिनं मला एक काळा पट्टा दिला. घोट्याला बांधायचा. त्यात म्हणे माशीएवढं यंत्र असतं, ते पावलं मोजतं आणि आकडा आपोआप हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतो. म्हणजे मी घरात पडून, आणि माझा आकडा रोज हॉस्पिटलात जाऊन येणार. "काका, रोज तीन हजार. तेवढी झाली तर तीन महिन्यांनी या. नाही झाली तर आठवड्यातून दोनदा इथं यायचं." इथं म्हणजे तळघरातली एक खोली. तिथं रबरी पट्टे ओढायचे, खुर्चीतून उठायचं, खुर्चीत बसायचं, परत उठायचं, जिना चढायचा, आणि शेवटी ती समोर उभी राहून अंडी खायला लावणार. माझ्या घरापासून हॉस्पिटल दोन बस लांब. मधे एक पूल, त्याला पायऱ्या. म्हणजे बघा हं, चालत नाही म्हणून शिक्षा काय, तर चालत या.

पहिल्या दिवशी माझी पावलं झाली चारशे बारा. त्यातली तीनशे संडासची. ते एक गोड औषध देतात ना पोट साफ ठेवायला, त्याच्या कृपेनं. ते औषध नसतं तर मी शंभरातच असतो.

आता पुढचं ऐका, आणि खरं सांगतो, सुरुवातीला माझ्या मनात काहीसुद्धा नव्हतं. ह्या आजारात अंगाला खाज सुटते. कातडीच्या आत मुंग्या शिवणकाम करत बसल्यात अशी खाज. त्या पट्ट्याखाली तर असह्य. सकाळी मी तो काढला, आणि हरवू नये म्हणून मशीनच्या पायडलला खालच्या बाजूनं अडकवला. आमची ही तेव्हा मशीन चालवायची. मी आडवा झाल्यापासून दुकान तिनं घरात आणलं होतं, उशांचे अभ्रे, पडदे, शाळांचे गणवेश. ती बसली शिवायला. दिवसभर पायडल खाली-वर, खाली-वर. पट्टा आपला मोजतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"काका, सहा हजार दोनशे? शाब्बास."

आता मला सांगा, चाळीस वर्षांत मी लोकांचे सूट शिवले, कोट शिवले, कुणी म्हणालं बगलेत घट्ट होतंय, कुणी म्हणालं लांबी कमी झाली. शाब्बास म्हणून कुणी म्हटलं होतं का? एकानं नाही. आणि ही पोरगी सकाळी सकाळी फोन करून म्हणते शाब्बास. कुठल्या तोंडानं सांगू की पोरी, ते अभ्रे आहेत?

पट्टा राहिला पायडलला.

हिला आठ दिवसांनी दिसला. "अहो, हे काय बांधलंय मशीनला?"

"मशीनची तब्येत बघतोय."

"सरळ बोला."

सरळ बोललो. ती म्हणाली, "कळलं तर?"

"कळून काय करतील? मशीनला दाखल करून घेतील?"

हसली. चाळीस वर्षं ही बाई माझ्या विनोदांना हसतेय, तीच सवय आम्हाला भोवली. हसली म्हणजे सामील झाली. पण सामील होताना एक गोष्ट म्हणाली, "ठीक आहे, पण रोज माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तरी यायचं." मी म्हटलं, उद्यापासून. दुसऱ्या दिवशी पोट जड होतं, म्हटलं उद्यापासून. तिसऱ्या दिवशी झोप झाली नव्हती. चौथ्या दिवशी तिनं चप्पल घालून दारात उभं राहून विचारलं, मी डोळे मिटून पडलो होतो, झोपलोय असं वाटू दिलं. ती एकटी जाऊन आली. मग विचारायची थांबली.

आणि आकडे बघाल तर काय. शाळा उघडायच्या आधी गणवेशांची ऑर्डर आली आणि मी अकरा हजारांवर गेलो. हवालदारीण फोनवर, "काका, मंगळवारी केलंत तरी काय?" मंगळवारी तीस हाफपँटी आणि बारा पिनाफोर झाले होते. म्हटलं, "हिंडलो बाई. हवा छान होती." रविवारी ही मशीन बंद ठेवायची, तर सोमवारी फोन, "काका, काल शून्य? बरं नाही का?" म्हटलं, "रविवारी मी विश्रांती घेतो, मोठ्या खेळाडूंचं असंच असतं."

तीन महिन्यांनी गेलो तेव्हा ढिला कोट घातला, पायात दोन विजारी, आणि खुर्चीत बसूनच राहिलो. तिच्याकडे चाळीस पेशंट आणि ती एकटी. ज्यांचे आकडे वाईट त्यांनाच ती उठवून बघायची. माझं बघायचं कारणच काय? अकरा हजारवाला माणूस. त्यात त्या महिन्यात तिला आणखी तीस नवे दिलेले. तिनं नुसतं विचारलं, "दम लागतो का?" म्हटलं, "तुला बघून लागतो." "जा काका," म्हणाली, आणि मी गेलो. सुटलो म्हणून गेलो. कशातून सुटलो ते तेव्हा कुठे कळलं होतं?

त्याच दिवशी बाहेरच्या बाकावर मला ड्रायव्हर भेटला. तीस वर्षं बस चालवलेला, भला थोरला माणूस, आता नुसता सांगाडा आणि पुढे पोट. रक्तगट माझाच, आजार माझाच, फक्त यानं बादली खरोखरची घेतलेली, तेही स्वतःच सांगायचा, आणि दोन वर्षांपूर्वी सोडलेली. तोंड कायम पाडलेलं. "मास्तर, मी बसून जगलो, बसूनच जाईन. आपल्याला नाही जमत ते चालणं-बिलणं." हवालदारीण शेजारीच उभी. ती म्हणाली, "या काकांकडे बघा जरा. तुमच्याच वयाचे, रोज अकरा हजार."

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही?"

आता अशा वेळी गप्प बसायचं असतं हे मला कळतं. पण जिभेला कळत नाही. म्हटलं, "ड्रायव्हरसाहेब, बस चालवणं वेगळं आणि माणूस चालवणं वेगळं. तुम्ही आपले बसा. सीट राखून ठेवा माझी."

झोंबलं त्याला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं चालायला घेतलं. आगारात जायचा, जुने दोस्त तिथे. पहिल्या दिवशी एका उभ्या बसच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत चालला आणि पायरीवर बसला. मग दोन बस. मग आख्खी रांग. मग आगाराला फेरी. रोज संध्याकाळी मला फोन, धापा टाकत, "मास्तर, आज बाराशे. तुमचे?" मी पडल्या पडल्या हिला विचारायचो, "किती झाल्या?" ती म्हणायची, "बावीस." मी फोनमध्ये, "साडेनऊ हजार, ड्रायव्हरसाहेब. आज जरा कमीच." तो शिव्या द्यायचा. प्रेमानं. आठवड्यातून दोनदा तळघरात जायचा, पट्टे ओढायचा, अंडी खायचा, आणि हवालदारीण त्याला म्हणायची, "मास्तरांना गाठायचंय ना?" चार महिन्यांत तो चार हजारांवर आला. स्वतःच्या पायांनी. आणि मी? मी तोवर संडासात जाताना भिंत धरायला लागलो होतो. ते पट्ट्यात मोजलं जात नव्हतं, पट्टा पायडलवर होता.

आणि एका बुधवारी सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलचा फोन. "लिव्हर आलंय. दोन तासांत पोचा. काही खाऊ नका, पाणीही नको."

हिनं मशीन अर्ध्या शिवणीत सोडलं. पिशवी चार महिने भरूनच ठेवलेली. टॅक्सीत माझा हात धरून बसली, नुसती माझ्या मनगटावरची कातडी चिमटीत धरायची, सोडायची, जसं कापड बघतात. पोचलो तर वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये कोण बसलंय? ड्रायव्हर. आणि त्याची बायको, नवी साडी नेसून.

ही तिथली पद्धत, तुम्हाला सांगतो. लिव्हर एक, माणसं दोन बोलावतात. एक पहिला, एक राखीव. पहिल्यात काही खोट निघाली तर माल वाया जायला नको. मी पहिला, माझा रक्ताचा आकडा मोठा. तो राखीव. तोच म्हणाला, "मी नुसता पोचवायला आलोय, मास्तर. तुमचं झालं की बस पकडून घरी." मी म्हटलं, "बसा बसा, तुम्हाला सवय आहे."

मला आत नेलं. मोठे डॉक्टर, हिरवे कपडे, हातात माझी फाईल. "अकरा हजार पावलं. उत्तम. हात छातीवर घट्ट धरा आणि खुर्चीतून पाच वेळा उठा. हातांचा आधार न घेता." एवढंच. पाच वेळा. लहान मूलसुद्धा खेळत करेल. पहिल्यांदा उठलो. दुसऱ्यांदा उठलो, गुडघे लटपटले. तिसऱ्यांदा अर्धा उठलो आणि जसा होतो तसा परत खाली आलो, शिलाई उसवल्यासारखा. "घाई नको, परत करा." परत अर्धाच. चौथ्यांदा माझ्या पायांना मी म्हटलं उठा, तर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

डॉक्टरांनी फाईल बघितली, मग मला बघितलं, परत फाईल. हवालदारणीला बोलावलं. ती धावत आली. तिनं माझी विजार गुडघ्यापर्यंत वर केली, मग दुसरी विजार वर केली, पोटरी हातात धरली. धरायला काही नव्हतं. खाली बसूनच ती म्हणाली, "काका, हे पाय अकरा हजारांचे नाहीत."

मी म्हटलं, "नाहीत. मशीनचे आहेत."

कुणी हसलं नाही. मी सगळं सांगितलं, अभ्रे, हाफपँटी, पिनाफोर, सगळं मजेमजेत सांगितलं, हात हलवून, त्या मंगळवारसकट, म्हटलं आता हसतील, आता हसतील. आयुष्यातली माझी सगळ्यात मोठी फसवणूक, सात महिने चाललेली, एवढं मोठं हॉस्पिटल गंडवलेलं, आणि खोलीत एक माणूस हसायला तयार नाही. हवालदारीण तर रडायला लागली. आता तिनं का रडावं? मोठे डॉक्टर म्हणाले, आणि रागानं नाही म्हणाले, तेच जास्त लागलं, "मास्तर, खरा आकडा कळला असता तर मी तुम्हाला तेव्हाच दाखल करून घेतलं असतं. खाऊपिऊ घालून, व्यायाम देऊन पायांवर उभं केलं असतं. सात महिने होते आपल्याकडे. आज टेबलावर घेतलं तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही."

मग त्यांनी दार उघडून ड्रायव्हरला हाक मारली.

तो पाच वेळा उठला. सहाव्यांदापण उठला, कुणी सांगितलं नव्हतं. भीतीनं उठला असेल. मग मला चाकाच्या खुर्चीत घालून बाहेर आणत होते आणि त्याला आत नेत होते, तेव्हा मधे आम्ही समोरासमोर आलो. तो माझ्याकडे बघेना. म्हणाला, "मास्तर, हे तुमचं होतं."

मी म्हटलं, "मापात बसलं नाही. तुम्हाला बसतंय तर घाला. फक्त बगलेत घट्ट झालं तर माझ्याकडे यायचं नाही."

त्याची बायको माझ्या पाया पडायला लागली. कशाला? मी काय दिलं? मी त्या माणसाला चार महिने चिडवलं, बस.

घरी आलो. आमची ही काही बोलली नाही. बोलली असती तर भांडलो असतो, भांडणात मी जिंकतो. तिनं पट्टा पायडलवरून सोडवला, पुसला, टेबलावर ठेवला. मग अर्धवट गणवेश कात्रीसकट पिशवीत भरले आणि पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याला देऊन आली. मशीनवर चादर टाकली. मी म्हटलं, "अगं, तुझा काय दोष? तू शिवलंस." म्हणाली, "मीच चालवत होते ना." तेव्हापासून घरात मशीनचा आवाज नाही. एवढी शांतता मला जन्मात ऐकू आली नव्हती.

आता आठवड्यातून दोनदा तळघर. हवालदारीण स्वतः न्यायला रिक्षा पाठवते, स्वतःच्या हातानं पट्टा माझ्या घोट्याला बांधते आणि गाठ दोनदा तपासते. उठा काका. बसा काका. अंडं खा काका. मी विचारलं, "खरं सांग, येईल का मांस परत?" खोटं तिला येत नाही, एवढ्या दिवसांत मी शिकवू शकलो नाही. म्हणाली, "आता लिव्हर एवढं थकलंय की खाल्लेलं अंगी लागत नाही. पण चालायचं." ऐकलंत? कळतंय तिला, कळतंय मला, सगळ्यांना कळतंय...

आणि वर म्हणे, चाला.

परवा ड्रायव्हर आला भेटायला. जिना चढून आला, गाल भरलेत, डोळे पांढरे स्वच्छ, बघायला लाज वाटावी असे. सहा हजार चालतो म्हणाला. मग सवयीनं तोंडातून गेलं त्याच्या, "मास्तर, तुमचे आज किती?"

"सदतीस."

"शे?"

"सदतीस."

तो खिडकीबाहेर बघत बसला. मीच म्हटलं, "अहो, खरी आहेत. पहिल्यांदाच खरी आहेत, कौतुक तर करा." तर उठून गेला, डोळे पुसत. या माणसाला विनोद कधी कळलाच नाही.

आणि काल रक्ताचा रिपोर्ट आला. माझा आकडा चढलाय, एकोणीस होता तो चौतीस झालाय. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. म्हणाले, "मास्तर, आता तुमच्या रक्तगटात यादीत तुम्हीच पहिले. पण पाच वेळा उठता आलं तरच." तुम्हाला सांगतो, मी चौथीत शाळा सोडली, तीही नापास होऊन. घरात पाच भावंडांत पाचवा, धंद्यात गल्लीत तिसरा, कधी कशात पहिला म्हणून आलो नव्हतो. आता आलोय, आणि अट काय, तर नाव पुकारलं की उठून उभं राहायचं.